खांबांचे रान

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी गप्पा चालल्या होत्या. एका स्नेह्यांनी देशातील वनाच्छादन वाढल्याची वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखविली आणि मोठ्या समाधानाने उद्गार काढले, “काही म्हणा, हे शास्त्रीय वनीकरणाचे यश आहे. आपल्या लोकांच्या हाती राहिले असते, तर खानापूरचे रान केव्हाच चुलीत गेले असते.” सर्वांनी माना डोलावल्या. मी मान डोलावली नाही, पण विरोधही केला नाही. त्या मौनाचे कारण सभ्यता हे नव्हते. वनाच्छादनाचे असे आकडे ज्या कागदांतून तयार होतात, तसल्या कागदांवर मी नोकरीची अनेक वर्षे सह्या केल्या आहेत. ज्याने नाणे पाडले त्याने ते खोटे आहे असे चारचौघांत सांगणे सोपे नसते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर होय.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. एका जातीची, एका वयाची झाडे ओळीने उभी केली म्हणजे लागवड होते, वन होत नाही. या लागवडीला वन म्हणताना ‘शास्त्रीय’ या शब्दाचा जो आधार घेतला जातो, तो आता उरलेला नाही. ज्या शास्त्राने ही पद्धत जन्माला घातली, त्याच शास्त्राने तीन शतकांच्या अनुभवानंतर तिच्याविरुद्ध साक्ष दिली आहे. ती साक्ष बेळगावपासून फार दूर, युरोपातील स्प्रूस नावाच्या झाडाच्या वनांत नोंदविली गेली. म्हणून आपल्या रानाविषयी बोलण्यापूर्वी थोडा वेळ तिकडे जाणे भाग आहे.

स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. देवदार, चीड यांचा थंड मुलखातील भाऊबंद. आपल्या भागात या कुळाचे मूळचे झाड नाही. कारवारच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूला पुष्कळ लोक पाइन समजतात. परंतु सुरू हा सपुष्प वृक्ष असून त्याच्या ‘सुया’ म्हणजे बारीक हिरव्या काटक्या आहेत. दक्षिण भारतात मूळचा म्हणावा असा शंकुधारी वृक्ष एकच, आणि तोही सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील दाट रानांत आढळतो. त्याची पाने तर चक्क रुंद असतात. तेव्हा स्प्रूसशी आपला संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, झाड आपल्याकडे आले नाही, पण त्या झाडाला लावलेली शिस्त मात्र आली.

ही शिस्त जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात जन्मली. तेथे चांदीच्या खाणी होत्या. खाणीला टेकू म्हणून लाकूड लागे, धातू वितळविण्यास कोळसा लागे, आणि भोवतालचे डोंगर बोडके होत चालले होते. त्या खाणींच्या कारभारातील एक वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली वनसंवर्धनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जितके वाढेल तितकेच तोडावे, म्हणजे पुरवठा कायम राहील, हे त्याचे प्रमुख सूत्र. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात त्या कल्पनेचे मूळ येथे दाखविले जाते.

याच सुमारास, म्हणजे १७१५-१६ च्या आसपास, आपल्या मुलखात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. त्यातही लाकडाचा विचार आहे, आणि तोही राज्याच्या गरजेपोटी. कारण आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या हव्या होत्या. पण अमात्य तेथे थांबत नाहीत. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे ते बजावतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते तोडावे, असा त्यांचा दंडक आहे. दोन राज्यांतील दोन कारभारी, एकाच काळात एकाच प्रश्नाला भिडले. कार्लोविट्झने लाकूड किती, हे विचारले. अमात्यांनी झाड कोणाचे, हेही विचारले. पुढे जगभर पसरले ते पहिल्या प्रश्नाचे शास्त्र. दुसरा प्रश्न आपल्याच मातीतला असून आपण तो दप्तरात बांधून ठेवला.

कार्लोविट्झनंतरच्या शंभर वर्षांत त्या सूत्राचे पूर्ण शास्त्र झाले. हाइनरिश कोटा याने आपली वनशाळा १८११ साली ड्रेस्डेनजवळच्या थाराण्ड येथे आणली, आणि पुढे ती सरकारी अकादमी झाली. रानाचे मोजमाप करावयाचे तर रान मोजता येईल असे असले पाहिजे. बीच, ओक, मेपल अशा मिश्र रानात हिशेब अवघड; स्प्रूस मात्र सरळ, लवकर वाढणारा, इमारतीला उपयोगी. म्हणून जुने मिश्र रान हळूहळू काढून, डोंगरामागून डोंगर स्प्रूसचे लावले गेले. झाडे समान अंतरावर, समान वयाची. खालचे झुडूप साफ. किती वर्षांनी किती घनफूट लाकूड मिळेल याचे कोष्टक आधीच तयार. कारकुनाला आवडेल असे हे रान होते. मी स्वतः कारकुनीतूनच वर चढलो, त्यामुळे हा मोह मला चांगला ठाऊक आहे.

पहिली पिढी उत्तम वाढली, आणि सारा घोटाळा त्या यशानेच केला. ती पोसली गेली होती शेकडो वर्षांच्या मिश्र रानाने साठवून ठेवलेल्या मातीवर. आजोबांच्या ठेवीवर नातवाने थाट करावा, तसा तो प्रकार होता. पुढच्या पिढ्यांत खरी गोष्ट दिसू लागली. स्प्रूसच्या सुया सावकाश कुजतात आणि माती आम्ल करतात. अशा मातीत गांडुळे कमी होतात, खालचे खनिज वर येईनासे होते. त्याची मुळेही उथळ, म्हणून वादळात झाडे रांगेने आडवी होतात. म्यूनिकच्या कार्ल गायर याने १८८६ मध्येच मिश्र वनाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. १९२३ साली खुद्द थाराण्ड येथून आइलहार्ड वीडेमान याचा, सॅक्सनीतील स्प्रूसची वाढ का खुंटली, याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गावी ही पद्धत घडविली गेली, त्याच गावी तिचा पंचनामा झाला. शास्त्र ते हेच! स्वतःच्या चुकीचा पंचनामा स्वतः करील ते शास्त्र. जे केवळ आकडे भरील ते दप्तर.

पंचनामा झाला, पण लागवड थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तोडलेल्या डोंगरांवर पुन्हा स्प्रूसच लावला गेला, कारण रोपे उपलब्ध होती आणि लाकडाची निकड होती. १९८० च्या दशकात आम्लवर्षेमुळे ही वने मरणार अशी हाकाटी झाली. गटिंगेनचे बर्नहार्ट उलरिख यांनी सोलिंगच्या डोंगरांत मातीचे रसायन बारकाईने अभ्यासले होते. धुराड्यांतील गंधकावर कठोर निर्बंध आले आणि भाकीत केले होते तितके रान मेले नाही. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे : भाकीत अतिरंजित होते म्हणून काही जण शास्त्रज्ञांना हसले. पण इशाऱ्यानंतर उपाय झाला म्हणून संकट टळले, तर इशारा खोटा ठरत नाही.

खरी परीक्षा पुढे आली. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे मध्य युरोपात कोरडी आणि उष्ण गेली. स्प्रूसचा एक जुना शत्रू आहे, चार-पाच मिलिमीटर लांबीचा सालकिडा. निरोगी झाड या किड्याला राळेत बुडवून मारते. राळ दाबाने बाहेर यावयाची तर झाडाच्या अंगात पाणी हवे. पाणी नसलेल्या झाडात किडा निर्धास्त शिरतो, गंधाने आपले सोबती बोलावतो, सालीखाली अंडी घालतो, आणि अळ्या झाडाची अन्नवाहिनी खाऊन टाकतात. मिश्र रानात त्याला पुढचे स्प्रूस शोधावे लागते. ओळीच्या रानात पुढचे स्प्रूस शेजारीच उभे असते. २०१८ च्या आरंभापासून २०२१ च्या वसंतापर्यंत जर्मनीत सुमारे पाच लाख हेक्टर वन नष्ट झाले, असे उपग्रहचित्रांवरून मोजले गेले; त्यात मोठा वाटा स्प्रूसचा. हार्ट्स पर्वतातील कड्यांवर करड्या, वाळलेल्या खांबांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१२ च्या राष्ट्रीय वनगणनेत जर्मन वनांत स्प्रूसचा हिस्सा सुमारे एक-चतुर्थांश होता. २०२२ च्या गणनेत तो एक-पंचमांशावर आला. कार्बन शोषून घेणारे म्हणून ज्यांचा गौरव होई, ती वने २०१७ नंतरच्या हिशेबात कार्बन सोडणारी निघाली.

यात त्या झाडाचा काय दोष? स्वीडनच्या डोंगरात एक एकटे स्प्रूस उभे आहे. त्याचे आजचे खोड काही शतकांचे असेल, पण त्याच झुडपाच्या मुळाशी सापडलेल्या लाकडाचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे भरले. खोड मरते आणि मूळ नवे खोड काढते. आपल्या जागी, आपल्या हवेत, आपल्या सोबत्यांत जे झाड हिमयुगाच्या अखेरीपासून टिकते, तेच परक्या उतारावर रांगेत उभे केले की शंभर वर्षांत किड्याला बळी पडते. म्हणून माझा राग कोणत्याही झाडावर नाही, रांगेवर आहे.

ही रांग आपल्याकडे कशी आली? १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक नेमला गेला तो डीट्रिख ब्रँडिस, बॉनचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या मागून श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच आले. ब्रँडिस स्वतः अरसिक नव्हता. इकडच्या देवरायांची त्याने आस्थेने नोंद केली आहे. पण खाते व्यक्तीच्या आस्थेवर चालत नाही, नियमावर चालते. राखीव वने, कूप, लाकडाचे वार्षिक उत्पन्न, यांची चौकट १८७८ च्या कायद्याने पक्की झाली. त्याचा चटका कोणाला बसला हे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये पाच वर्षांतच, १८८३ साली लिहून ठेवले. डोंगर, दऱ्या, गायराने खात्याने गिळली आणि गरिबाच्या जनावराला चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार. अमात्यांचा ‘झाड कोणाचे’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. उत्तर तेव्हाही आले नाही.

स्वातंत्र्यानंतर चौकट तीच राहिली, मालक बदलले. १९७० च्या दशकात बस्तरमध्ये जागतिक बँकेच्या साह्याने एक योजना आखली गेली : सालवृक्षांचे नैसर्गिक रान काढून तेथे कागदाच्या लगद्यासाठी कॅरिबियन पाइन लावावयाचा. म्हणजे या वेळी शिस्तीबरोबर प्रत्यक्ष सूचिपर्णी झाडही येणार होते, आणि तेही आपल्या गडचिरोलीच्या शेजारी. सालच्या फुलाशी, बीशी, राळेशी ज्यांचे अवघे जीवन बांधलेले, त्या आदिवासींनी विरोध केला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी योजना गुंडाळावी लागली.

आपल्या अधिक जवळची गोष्ट १९८७ ची. कर्नाटक सरकार आणि हरिहरचा धागा कारखाना यांनी मिळून १९८४ साली एक संयुक्त कंपनी काढली आणि धारवाड, शिमोगा, उत्तर कन्नड, चिकमगळूर या जिल्ह्यांतील सुमारे तीस हजार हेक्टर सरकारी पड जमीन लगद्याच्या झाडांसाठी तिच्याकडे देण्याचे ठरले. कागदावर ती पड. प्रत्यक्षात ती गावांची गायराने. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कुसनूर येथे लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयोगी झाडांची रोपे लावली. ‘उपटा आणि लावा’ हे त्या सत्याग्रहाचे नाव. समाज परिवर्तन समुदायाचे एस. आर. हिरेमठ त्यात अग्रभागी होते, आणि सर्वोच्च न्यायालयातील अर्जदारांत थोर कन्नड साहित्यिक शिवराम कारंत होते. १९९१ साली ती कंपनी बंद झाली. येथे मला आपल्या मंडळाला एक अप्रिय गोष्ट विचारावीशी वाटते. कारंतांसारखा लेखक वयाच्या ऐंशीनंतर गायरानासाठी न्यायालयात उभा राहतो. आम्ही सीमाभागातील मराठी साहित्यसेवक आमच्या गायरानासाठी कधी साधा ठराव तरी केला काय? भाषेचा अन्याय आम्हाला दिसतो आणि तो दिसलाच पाहिजे. पण ज्या रानात आपली भाषा राहते, ते रान गेल्यावर कारवी, ऐन, किंदळ, नाणा, कुंभा हे शब्द कोशात तेवढे उरतील, याची खंत कोणी करावी?

आता माझी कबुली. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, लागवडीच्या तपासणीचे काम माझ्याकडे आले. खात्याचे नाव सांगत नाही, कारण दोष कोणा एका खात्याचा नाही. उद्दिष्ट हेक्टरात असे आणि यश टक्केवारीत : लावलेल्या शंभर रोपांपैकी जगली किती. या कसोटीला ऑस्ट्रेलियातून आलेले अकेशियाचे झाड सर्वांत सोयीचे, कारण ते जांभ्या दगडावरही तग धरते आणि जनावरे त्याला तोंड लावीत नाहीत. जांभूळ किंवा हिरडा लावला तर शेळी खाई आणि टक्केवारी घसरे. तेव्हा अकेशिया लावा, असे आम्ही वर कळवीत असू, आणि वरूनही तसेच येई. खानापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावच्या गायरानाचा अहवाल माझ्याच सहीने गेला. ‘जिवंत रोपे समाधानकारक’ असा त्यातील शेरा मला आजही पाठ आहे. लावण्यापूर्वी तेथली करवंदीची जाळी, तोरणीची झुडपे आणि मोराआवळ्याची खुरटी झाडे साफ केली होती. ती ‘निरुपयोगी झाडोरा’ या सदरात गेली.

चार-पाच वर्षांनी घरच्या कार्यासाठी गावी गेलो. माझी आत्या तेव्हा सत्तरीत होती. चार शेळ्या बाळगून तिने आयुष्य काढले होते. मला घेऊन ती गायरानापर्यंत आली आणि म्हणाली, “शेळी तोंड लावीना, पाखरू घरटं करीना. मग ह्ये झाड हाय का खांब, तूच सांग बाबा.” मी तिला जमिनीची धूप, नत्र, सरपण असे काहीबाही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि परतताना शेळ्या विकल्याचे सांगितले. माझ्या शेऱ्यातील ‘समाधानकारक’ या शब्दाची किंमत चार शेळ्या ही होती. या लेखाचे शीर्षक माझे नाही, तिचे आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. पहिला आक्षेप असा की, अकेशियाने उजाड माळ हिरवा केला, धूप थांबविली, सरपण दिले. हे खोटे नाही. त्या झाडाच्या मुळांशी नत्र बांधणारे जिवाणू असतात आणि अगदी मेलेल्या जमिनीवर पहिला आडोसा म्हणून त्याचा उपयोग होतो. सॅक्सनीच्या बोडक्या डोंगरावर स्प्रूसनेही प्रथम हेच केले. पण औषध म्हणून आणलेली वस्तू रोजचे अन्न झाली, तेथे बिघाड झाला. आडोसा मिळाल्यावर खाली आपली झाडे उगवू द्यावयाची, अकेशिया टप्प्याटप्प्याने काढावयाचा, हा पुढचा भाग कोणी केला? बहुतेक ठिकाणी अकेशिया तोडून पुन्हा अकेशियाच लावला गेला. त्याचे पान हे खरे पान नव्हेच. देठच रुंद होऊन पानासारखा झालेला. तो लवकर कुजत नाही. त्याचा जाड थर खालच्या बीला मातीपर्यंत पोहोचू देत नाही, आणि उन्हाळ्यात ठिणगीची वाट पाहत पडून राहतो.

दुसरा आक्षेप : देशाला लाकूड आणि कागद हवा. अवश्य हवा. हा लेखही कागदावरच छापला जाणार आहे. मग लाकडाची शेती करा, शेताच्या बांधावर करा, खासगी जमिनीत करा, आणि तिला शेतीच म्हणा. उसाच्या फडाला आपण कुरण म्हणत नाही. पण भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या पाहा : एक हेक्टर किंवा त्याहून अधिक जागेवर वृक्षछत्र दहा टक्के असले की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाची आणि झाड कोणते याचा विचार नाही. भीमगडचे सदाहरित रान आणि निलगिरीचा मळा या व्याख्येत एका पंक्तीला जेवतात. आमच्या स्नेह्यांनी वाचलेली बातमी या पंक्तीची होती. रस्ता, कालवा, वीजवाहिनी यांसाठी जुने रान तोडावे, त्याच्या बदल्यात शंभर मैलांवर रोपे लावावीत आणि बेरीज-वजाबाकी शून्य आली म्हणून टाळी वाजवावी, हे या व्याख्येमुळेच शक्य होते. म्हादई आणि मलप्रभा आमच्या खानापुरात उगम पावतात. त्या रानाच्या भुसभुशीत मातीतून, मुळांच्या जाळ्यातून झिरपून निघतात. आकड्यातून निघत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक, कारण तो आपल्याच लोकांचा आहे : हे सारे पाश्चात्य शास्त्राचे पाप, आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते. मला हे मान्य नाही. स्प्रूसच्या रानाची चूक मला कळली ती गायर, वीडेमान, उलरिख यांच्यामुळे, म्हणजे शास्त्रामुळेच. कॅनडातील सुझान सिमर्ड यांनी १९९७ मध्ये दाखविले की डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष आणि भूर्जाचे झाड यांच्यात जमिनीखालून कार्बनाची देवाणघेवाण होते. ज्या भूर्जाला तण समजून वनखाती मारीत होती, ते फरला सर्वस्वी वैरी नव्हते. पुढे या शोधावर ‘झाडे एकमेकांची आई-लेकरे असतात’ अशी मोठी गोड कथा रचली गेली, तेव्हा २०२३ साली इतर शास्त्रज्ञांनीच पुराव्याच्या पलीकडे जाऊ नका असे बजावले. शास्त्राची ही रीत आहे. आणि तिच्यात आत्यासारख्यांनाही स्थान असू शकते. माधव गाडगीळ १९७० च्या दशकात उत्तर कन्नडातील बांबूचा अभ्यास करीत होते. तोड सोयीची व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले जाई. गावकऱ्यांनी सांगितले की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब जनावरांपासून वाचतात. गाडगीळांनी ते तपासून पाहिले आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. सांगणारा गावकरी आणि तपासणारा शास्त्रज्ञ, दोघेही हवेत. आमच्या दप्तरात दोघांनाही रकाना नव्हता.

आणि पूर्वजांचा अभिमान सांगणाऱ्यांना एक प्रतिप्रश्न. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला त्याला पन्नास वर्षे होत आली. त्या देवराया आज कोण तोडीत आहे? बहुधा कोणतीही जागतिक बँक नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, सभामंडपाच्या सिमेंटसाठी, फरशीसाठी त्या आपणच तोडतो आणि देणगीदारांच्या पाटीवर आपलीच नावे लावतो. निपाणीपासून चंदगडपर्यंत जुन्या घराण्यांच्या आमरायांचे काय झाले, ते ज्याने त्याने आपापल्या सात-बाराच्या उताऱ्यावर पाहावे. अमात्यांनी ज्या झाडांना आरमारासाठीही हात लावू दिला नाही, ती आपण वाटणीसाठी तोडली.

मागणे फार नाही. वनांच्या गणनेत लागवड आणि नैसर्गिक रान यांचे रकाने वेगळे करा; शाळकरी मुलाला समजणारा हा भेद सरकारी तक्त्याला समजू नये, यात तांत्रिक अडचण कसलीही नाही. जुने रान तोडून त्याच्या बदल्यात रोपे दाखविण्याचा व्यवहार बंद करा. गायरानावर काय लावावयाचे आणि काय उगवू द्यावयाचे, ते ग्रामसभेला विचारल्याशिवाय ठरवू नका. कर्नाटक सरकारने २०१७ साली निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदीचा आदेश काढला, म्हणजे चूक मान्य करण्याची प्रथा या सरकारलाही अगदी अपरिचित नाही. आणि शेवटचे आपल्यासाठी : पुढच्या पावसाळ्यात आपल्या मंडळाने वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवला, तर पाहुण्यांच्या हस्ते शोभेची दहा रोपे लावण्याऐवजी खानापूरच्या बाजूला गावकऱ्यांच्या संमतीने एक एकर जागा नुसती राखावी. काही लावू नये. जाळी उगवू द्यावी. पाखरे बी आणतील. त्याचे छायाचित्र चांगले येणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या गायरानावरील अकेशिया दोनदा तोडला गेला आणि दोनदा पुन्हा फुटला. गेल्या वर्षी गेलो तेव्हा एका कोपऱ्यात, तोडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या दगडांच्या आडोशाला, करवंदीची एक जाळी आणि तिच्या पोटात गुडघाभर वाढलेले जांभळाचे रोप दिसले. काट्यांनी ते शेळ्यांपासून राखले होते. कोणत्याही उद्दिष्टात ते धरलेले नाही. माझ्या अहवालात ‘जिवंत’ या शब्दापुढे तेवढे एक रोप लिहिण्याची मुभा मला आज मिळाली, तर ती सही मी आनंदाने करीन.